मेसमध्ये बसून जेवावंसं वाटायला हवं असेल तर रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

हॉस्टेलची मेस म्हणा, पीजीचं जेवणघर म्हणा, वृद्धाश्रमाचा डायनिंग हॉल म्हणा, "जरा छान करूया" असं ठरलं की पहिला फोन पेंटरला जातो. दुसरा भिंतीवरच्या स्टिकरवाल्याला. महिन्याभरात पैसे संपतात, हॉल केशरी होतो, भिंतीवर वाफाळता कॉफीचा कप येतो (मेसमध्ये कॉफी कधीच मिळत नसली तरी) आणि मुली आधीसारख्याच ताट घेऊन रूमवर जातात. मी हे लांबून बघून सांगत नाहीये, आमच्याकडे पहिल्या खेपेला अगदी असंच झालं होतं आणि केशरी रंग मीच निवडला होता.

आमचं पुण्यातलं लेडीज हॉस्टेल, मुली ६४, मेसचा हॉल ३० बाय २० फूट, खाली कोटा फरशी, भिंतींना चार फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल्स, वर स्लॅब. दुसऱ्या खेपेला जमलं कारण क्रम बदलला. आधी ओल आणि वास, मग आवाज, मग बसायची जागा, मग उजेड, आणि रंग सगळ्यात शेवटी. त्याच क्रमाने लिहितेय, मधला टप्पा गाळून पुढे उडी मारू नका.

तयारी: हाताशी काय हवं

मेजर टेप, खडू, एक वही, मोबाइलमध्ये उजेड मोजायचं लक्स मीटरचं फुकट अ‍ॅप, आणि स्वयंपाकाच्या मावशी. मावशींना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, शेवटी सांगायला गेलात की "आम्हाला कोणी विचारलं होतं का" हे ऐकावंच लागतं आणि ते बरोबरच असतं. कुठल्या खिडकीतून दुपारी ऊन थेट ताटात येतं, कुठला पंखा करकरतो, माशा कुठून येतात हे सगळं त्यांना पाठ असतं.

कामाचे महिने पण ठरवून घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावायचा नाही. बघणं, मोजणं, फर्निचरची ऑर्डर हे पावसात उरका आणि रंगकाम दिवाळीनंतरच ठेवा.

टप्पा १: आठवडाभर नुसतं बघा

सात दिवस रात्रीच्या जेवणाला वही घेऊन कोपऱ्यात बसा. काही हलवू नका, कोणाला काही विचारू नका. विचारलं की सगळे "भाजी चांगली नसते" एवढंच सांगतात. त्याऐवजी हे लिहून काढा:

- एका वेळी जास्तीत जास्त किती जण बसलेले असतात (दर १५ मिनिटांनी डोकी मोजा)
- पहिली भरणारी टेबलं कुठली, शेवटपर्यंत रिकामी राहणारी कुठली
- ताट घेऊन किती जण रूमवर गेले
- ताट संपल्यावर कोणी पाच मिनिटं तरी बसलं का
- रांग कुठे अडते

आमच्याकडे ६४ पैकी एका वेळी कधीच ३५ च्या वर मुली नव्हत्या, आणि आम्ही मात्र ६४ जागा कोंबून ठेवल्या होत्या! बाक एकमेकांना चिकटलेले, मधून जायचं तर आडवं होऊन, हातातल्या वाटीतली आमटी हिंदकळत. आणि बेसिनजवळची दोन टेबलं कायम रिकामी, ती का ते पुढे येईलच.

तपासा: वहीत शनिवार-रविवार आहेत ना? रविवारी दुपारी फीस्ट असते तेव्हाची गर्दी वेगळी असते. पण हॉल त्या एका दुपारसाठी आखायचा नाही, तेव्हा फोल्डिंगच्या खुर्च्या लावा.

टप्पा २: आधी बाहेर काढा

एक दिवस सगळा हॉल रिकामा करा. बंद पडलेला कूलर, कांद्याची पोती, तीन वर्षांपूर्वीची कॅलेंडरं, मागच्या गणपतीचं मखर. मेसचा हॉल हळूहळू गोडाऊन होत जातो आणि आपल्याला ते दिसेनासं होतं. कोणी गॅसचे भरलेले जादाचे सिलिंडर हॉलच्या कोपऱ्यात ठेवत असेल तर ते त्याच दिवशी तिथून हलवा, हा सजावटीचा विषयच नाही.

मग भिंतीवरच्या सूचना. आम्ही मोजल्या, १४ निघाल्या. "अन्न टाकू नये." "दुसऱ्यांदा पोळी मागताना आधी ताटातली संपवावी." "येथे मोठ्याने बोलू नये." "ताट रूमवर नेल्यास दंड." पुण्यात पाट्यांचं कौतुक असतं ते ठीक, पण भूक लागलेल्या माणसाला दारातच १४ वेळा ओरडा बसला तर तो कशाला बसेल. आम्ही दोन ठेवल्या, जेवणाच्या वेळा आणि आजचा मेनू. मेनू खडूने फळ्यावर रोज मावशींच्या हाताने. अक्षर वाकडं येतं, येऊ दे.

टीव्हीबद्दल मतभेद होतील. माझं मत काढा असं आहे, कारण टीव्ही असला की सगळ्या खुर्च्या एका दिशेला वळतात आणि समोरासमोर कोणी बसत नाही. मॅचच्या दिवसांपुरता बाहेर कॉमन रूममध्ये लावा.

टप्पा ३: ओल, वास आणि खरकटं

हा कंटाळवाणा टप्पा आहे आणि सगळे हाच गाळतात. फोटोत तो दिसत नाही ना.

ओल आधी बघा. भिंतीला फुगवटे, पांढरी खारट पावडर, पोपडे असतील तर वरून पुट्टी मारून काही होत नाही, पुढच्या पावसात सगळं खाली. साधी टेस्ट: जाड प्लॅस्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, म्हणजे वरच्या बाथरूमची गळती किंवा बाहेरच्या भिंतीची भेग शोधा. थेंब बाहेरच्या बाजूला असले तर हवेतला दमटपणा आहे, खिडक्या उघडा आणि हवा खेळवा.

मग वास. फोडणीचा वास येणं छान, पण मिरचीचा ठसका लागून अख्खा हॉल खोकत असेल तर हवा उलटी वाहतेय. एक्झॉस्ट फॅन किचनच्या बाहेरच्या भिंतीला हवा, म्हणजे हॉलमधली हवा किचनकडे ओढली जाते आणि तिथून बाहेर जाते. हॉलमध्ये एक्झॉस्ट लावला तर तो किचनचा धूर आपल्याकडे ओढतो, हे आम्ही पैसे देऊन शिकलो. किचनच्या दारात उदबत्तीचा धूर धरून बघा कुठे जातोय, दोन मिनिटांत कळतं.

आता बेसिन. जेवायला बसलेल्या माणसाला समोर कोणी खाकरून चूळ भरताना दिसलं की ते टेबल मेलंच. आमची ती दोन रिकामी टेबलं हीच. बेसिन हलवायचं म्हणजे प्लंबिंग आलं, खर्च आला, आम्ही हलवलं नाही. बेसिनच्या अलीकडे डोक्यापर्यंत येईल अशी साडेपाच फुटी आडभिंत घातली. जागा कमी असेल तर लाकडी पार्टिशन चालेल पण खालचे चार-सहा इंच मोकळे ठेवा, पाण्याने फुगतं. जाळीचं पार्टिशन घेऊ नका, जाळीतून दिसतं आणि जाळीत घाण अडकते, पुसणार कोण.

खरकटी ताटं ठेवायची जागा वाढायच्या काउंटरपासून लांब आणि नजरेआड हवी. येणाऱ्याची वाट दार, हात धुणं, ताट, वाढप, टेबल अशी. जाणाऱ्याची टेबल, खरकटं, बेसिन, दार. या दोन वाटा एकमेकींना छेदतात तिथेच धक्काबुक्की होते आणि सांडतं. वहीत हॉलचा नकाशा काढून दोन रंगांच्या पेनांनी दोन्ही वाटा काढा, जिथे फुली पडेल तिथे काहीतरी सरकवावं लागणार.

थांबा: ओल, वास, खरकटं यातलं एक जरी शिल्लक असेल तर पुढचा खर्च करू नका. खरंच नका करू.

टप्पा ४: आवाज

हॉल परका का वाटतो याचं माझ्या मते पहिलं कारण आवाज आहे, आणि लोक त्याला कारणच समजत नाहीत. खाली फरशी, भिंतीला टाइल्स, वर स्लॅब, टेबलाला स्टीलचा पत्रा, त्यावर स्टीलचं ताट. सगळंच कडक. आवाज कुठे शोषलाच जात नाही, आपटून परत येतो. मग प्रत्येक जण जरा मोठ्याने बोलतो, ते ऐकू यावं म्हणून शेजारचा आणखी मोठ्याने, आणि अर्ध्या तासात डोकं भणभणतं. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर टणत्कार घुमत राहिला तर काम करायला हवं.

क्रम असा ठेवा, स्वस्तापासून महागाकडे.

पहिलं, खुर्च्यांचे पाय. रोज रात्री आमच्याकडे सगळ्यात मोठा आवाज बोलण्याचा नव्हता, लोखंडी स्टुलं कोट्यावरून ओढल्याचा होता. प्रत्येक पायाला रबरी बूट बसवा. चिकटवायचे फेल्टचे गोल तुकडे घेऊ नका, पोछा मारताना भिजतात आणि आठवड्यात गळून पडतात. पायाचा बाहेरचा व्यास मोजून घट्ट बसणारा रबरी बूटच घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. एका संध्याकाळचं काम, आणि दुसऱ्या दिवशी मावशी किचनमधून बाहेर येऊन म्हणाल्या, "आज जेवायला कोणी आलं नाही का?" हॉल भरलेला होता.

दुसरं, ताटं टाकायची जागा. खरकट्याच्या टबमध्ये तळाला जाड रबरी मॅट टाका. स्टीलच्या टबात स्टीलचं ताट पडतं तो आवाज अख्ख्या मजल्यावर जातो.

तिसरं, स्टीलच्या टेबलाचा पत्रा खालून पोकळ असेल तर त्याला खालच्या बाजूने प्लायचा किंवा जाड रबराचा शीट चिकटवून घ्या. टेबल ढोलासारखं वाजायचं थांबतं.

चौथं, मऊ कापड. जाड सुती पडदे, खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेऊन, चुण्या पडतील असे. ताणून लावलेला पातळ पडदा आवाजाला काहीच करत नाही. आम्ही समोरच्या मोठ्या भिंतीवर दोन घोंगड्या लावल्या, लाकडी पट्टीवर ताणून, भिंतीपासून दोन इंच सोडून. मागे हवेची पोकळी राहिली की आवाज जास्त शोषला जातो. काळी-करडी घोंगडी दिसतेही छान, आणि पोरी तिच्याखाली बसून फोटो काढतात ते वेगळंच. फक्त किचनच्या दारापासून लांब लावा, तेलकट वाफ धरते, आणि महिन्यातून एकदा उन्हात टाकून झटका.

एवढं करूनही घुमत असेल तर छताला वुड वूलचे (लाकडाच्या बारीक धाग्यांचे) आवाज शोषणारे अकूस्टिक बोर्ड लावून घ्या. अख्खं छत झाकायची गरज नसते, टेबलांच्या वरचा भाग पुरतो.

थांबा: अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावायचा सल्ला हमखास कोणीतरी देतं. आवाजाला त्यांचा फारसा उपयोग नाही आणि आग धरतात. शेजारी किचन आहे, विसरू नका.

टप्पा ५: बसायची जागा

आता पहिल्या टप्प्यातला गर्दीचा आकडा काढा आणि त्यात चार-पाच जागा वाढवा. आमचे झाले ४०. ऑर्डर द्यायच्या आधी जमिनीवर खडूने टेबलं खऱ्या मापात आखा, खुर्च्या ठेवा, आणि हातात भरलेलं ताट घेऊन चाला. हे केल्याशिवाय सुताराला फोन नाही.

मापं लक्षात ठेवायची:

- एका माणसाला टेबलाची २ फूट कड. त्याहून कमी झाली की कोपर कोपराला लागतं
- समोरासमोर बसायचं तर टेबलाची रुंदी अडीच फूट. आपलं ताट १२ इंची, दोन ताटं आणि मध्ये जग-चटणीला जागा उरते
- टेबलाची उंची ३० इंच, खुर्चीच्या बैठकीची १८
- टेबल आणि भिंत यांच्यात ३ फूट, मागून कोणी जाणार असेल तर ४
- दोन टेबलांच्या मध्ये, दोन्हीकडे पाठीला पाठ लावून खुर्च्या असतील तर कडेपासून कडेपर्यंत निदान ५ फूट
- वाढपाच्या काउंटरसमोरची मोकळी पट्टी ४ ते ५ फूट

आमची नेहमीची चूक म्हणजे लांबच लांब टेबल आणि दोन्हीकडे बाक. पंगत वेगळी, तिथे सगळे एकदम बसतात आणि एकदम उठतात. मेसमध्ये कोणी ८ ला येतं, कोणी पावणेनऊला क्लासवरून येतं. भिंतीकडे बसलेलीला उठायचं तर चौघींना उठवायचं, मग ती बसतच नाही. चार जणींची टेबलं करा, गरज पडली की दोन जोडता येतात. आणि पाठ असलेल्या खुर्च्या घ्या हो. स्टुलावर माणूस जेवतो, बसत नाही.

आता एकटीने येणाऱ्यांचं. दर मेसमध्ये उशिरा, दमून, एकटंच जेवायचं असणारे लोक असतात आणि ताट रूमवर नेणाऱ्यांत तेच जास्त असतात. चौघींच्या टेबलावर तीन जणी हसत असताना चौथ्या खुर्चीवर जाऊन बसायला नको वाटतं. त्यांच्यासाठी खिडकीला लागून दीड फूट रुंदीची पट्टी बसवा, समोर बाहेरचं दिसेल अशी, तीन-चार खुर्च्या. आमच्याकडे ही पट्टी रोज सगळ्यात आधी भरते, आणि मला ते आधी दिसलं नव्हतं याची जरा लाज वाटते.

टेबलाचा टॉप कसला, यावर सुताराशी वाद होईल. स्वस्तात तो आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानकाचा नंबर) चा कमर्शियल प्लाय सुचवेल. रोज चार वेळा ओल्या फडक्याने पुसलं जाणार असेल तर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन ग्रेडचा घ्या. वर मॅट सनमायका, चकचकीत नको, वरचा दिवा त्यात डोळ्यावर येतो. कडेला टेप न लावता लाकडी पट्टी मारून घ्या, पाणी आधी कडेतूनच शिरतं. कडप्प्याचं टेबल टिकतं बाकी कशाहीपेक्षा, पण थंडीत कोपर टेकवत नाही आणि आवाज करतं.

वृद्धाश्रमासाठी दोन बदल: खुर्चीला हात हवेतच, त्यांवर जोर देऊन उठता येतं, आणि ताटाचा रंग टेबलाच्या रंगापेक्षा ठळक वेगळा हवा. पांढऱ्या टेबलावर पांढरी थाळी नजर कमी झालेल्यांना दिसत नाही.

तपासा: खडूच्या आखणीत दोन जणींना भरली ताटं घेऊन समोरासमोरून जायला सांगा. एकीला थांबावं लागलं तर एक टेबल कमी करा.

टप्पा ६: उजेड

डोळ्यांना दिसणारा सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. आपल्या बहुतेक मेसमध्ये पांढऱ्या-निळसर ट्यूब असतात, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर). त्या उजेडात वरण फिकट दिसतं, पोळी राखाडी, आणि समोरचा माणूस आजारी. ३००० केल्विनच्या, म्हणजे वॉर्म व्हाइट, बॅटन (एलईडीच्या लांब ट्यूब) आणा. २७०० च्या खाली जाऊ नका, मग परमिट रूम वाटायला लागते. खोक्यावर आणखी एक आकडा बघा, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात. साधारण ८० असतो, ९० किंवा वरचा मिळाला तर टोमॅटोचा लाल, पालकाचा हिरवा नीट दिसतो. थोडा महाग असतो, पण भाजीच न बदलता भाजी बरी दिसते.

विकत घ्यायच्या आधी एकच ट्यूब आणा. दोन ताटं सारखी वाढा, वरण-भात, पालेभाजी, कोशिंबीर. एक जुन्या ट्यूबखाली, एक नव्या. कमिटीत कोणी "पिवळा उजेड डल वाटतो" म्हणत असेल तर त्याला या दोन ताटांपुढे उभं करा, वाद तिथेच संपतो.

डल वाटायचं कारण बहुतेकदा रंग नसतोच, उजेड कमी पडलेला असतो. अ‍ॅपने ताटाच्या जागी मोजा. टेबलावर १५० ते २०० लक्स आणि वाढपाच्या काउंटरवर ३०० च्या आसपास ठेवा. फोनचं अ‍ॅप काटेकोर नसतं पण दोन जागांची तुलना करायला पुरतं.

चुका ज्या आम्ही केल्या किंवा इतरांकडे बघितल्या:

पंख्याच्या वर दिवा. छताला दिवा आणि त्याच्या खाली फिरणारा पंखा, की पात्यांची सावली ताटावर लपलप करत राहते. काही जणींचं डोकं दुखायचं आणि कारण कळत नव्हतं. दिवे पंख्यांच्या मध्ये किंवा भिंतीवर घ्या.

लटकते दिवे. टेबलाच्या वर ३० इंचांवर लटकणारा दिवा सुंदर दिसतो, पण टेबल जागचं हलणार नसेल तरच. आमची टेबलं जोडली-सोडली जातात. आम्ही सहा लटकवले, दोन महिन्यांत तिघींची डोकी आपटली, काढले.

दोन रंगांची सरमिसळ. एक ट्यूब गेली की वॉचमन काका कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल ती आणून लावतात. चार दुधी, दोन पिवळ्या, असा हॉल दवाखान्यापेक्षा वाईट दिसतो. नव्या घेतानाच तीन-चार जादा घेऊन स्टोअरमध्ये ठेवा आणि खोक्यावर स्केचपेनने "मेस" लिहा.

सगळं एकाच बटणावर. डिमर लागत नाही. वायरमनला सांगून तीन वेगळी बटणं करून घ्या, काउंटर, मधला भाग, खिडकीची पट्टी. साडेनऊनंतर मधला भाग बंद केला की उशिरा आलेल्यांना बरं वाटतं. एक-दोन दिवे इन्व्हर्टरवर घ्या.

उघड्या तोंडाच्या शेड. पावसाळ्यात किडे आत पडतात. बंद काचेच्या घ्या. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा पिवळसर उजेडाकडे किडे कमी येतात हा वरचा फायदा.

थांबा: वायरिंगसाठी भिंत फोडायची असेल तर ती रंगाच्या आधी. पेंटर जाऊन दोन दिवस झाले आणि वायरमन छिन्नी घेऊन आला, हे दृश्य प्रत्येक संस्थेत एकदा तरी झालेलं असतं.

टप्पा ७: आता रंग

इथपर्यंत आलात तर रंग पटकन ठरतो. शेड कार्डवरून निवडू नका. लहान डबी आणून भिंतीवरच दोन बाय दोन फुटांचे तीन चौकोन मारा आणि दोन दिवस ठेवा. सकाळी बघा, दुपारी बघा, आणि मुख्य म्हणजे रात्री नव्या दिव्यांत बघा, कारण जेवण रात्रीचं आहे. ३००० केल्विनखाली क्रीम रंग आणखी पिवळा होतो, म्हणून दिवे आधी आणि रंग नंतर.

हिरवा आणि निळा मोठ्या भिंतीवर टाळा, त्यांची छटा ताटावर आणि चेहऱ्यावर पडते. भडक केशरीबद्दल मी बोलत नाही. आम्ही शेवटी खालच्या पांढऱ्या टाइल्सच्या वर फूटभर गेरूच्या रंगाचा पट्टा घेतला आणि त्यावर चुन्यासारखा ऑफ-व्हाइट. धुता येईल असाच रंग घ्या, हळदीचे हात भिंतीला लागणारच.

भिंतीवर काय लावायचं? कमी. घोंगड्या, मेनूचा फळा, एक घड्याळ. प्लॅस्टिकची फुलं आणि वेली लावू नका, तेल आणि धूळ बसून दोन महिन्यांत चिकट होतात. खरं झाड हवं तर मनी प्लांट खिडकीत.

टप्पा ८: टेबलावर काय

मीठ, लिंबाच्या फोडी, शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, पाण्याचा जग, चार भांडी उपडी. प्रत्येक टेबलावर. आधी हे सगळं काउंटरवर होतं आणि एकेक जण जेवताना तीन वेळा उठायची. आता मीठ देता-घेता अनोळखी मुलीसुद्धा बोलतात, कुठल्या रूमची, कुठल्या गावची.

टेबलक्लॉथ घालू नका. कापडाचा धुवून होत नाही, मेणकापडाला वास येतो आणि खाली झुरळं. नुसता स्वच्छ पुसलेला सनमायका बरा. चटणीच्या बरण्या झाकणाच्या आणि छोट्या घ्या, रोज संपतील एवढ्याच भरायच्या, मोठी बरणी दोन दिवसांत ओल्या चमच्याने खराब होते.

टप्पा ९: पंधरा दिवसांनी वही परत काढा

पहिल्या टप्प्यातलेच प्रश्न, त्याच वेळा, तोच कोपरा. पहिल्या आठवड्याचं मोजू नका, नवं म्हणून सगळेच बसतात. आमच्याकडे रूमवर जाणारी ताटं निम्म्याहून कमी झाली, बंद झाली नाहीत, होणारही नाहीत, ज्यांना आजारी वाटतंय किंवा फोनवर घरी बोलायचंय त्यांना जाऊ द्या. मी बघत होते ती गोष्ट वेगळी होती, ताट संपल्यावर हात वाळेपर्यंत बसून राहणाऱ्या मुली. त्या दिसायला लागल्या.

एखादं टेबल अजून रिकामं राहत असेल तर तिथे स्वतः बसून जेवा. पंख्याचा वारा थेट ताटात येत असेल, दार सारखं उघडत असेल, काहीतरी कारण असतंच. आमच्याकडे एका टेबलाचा एक पाय कोट्याच्या सांध्यावर येऊन डुगडुगत होता, बाकी काही नाही.

आणि कोण काय सांभाळणार ते फळ्यामागे लिहून ठेवा. पडदे महिन्यातून एकदा धुवायला, घोंगड्या त्याच दिवशी उन्हात, ट्यूबचा स्टॉक वॉचमन काकांकडे, चटणीच्या बरण्या रात्रपाळीच्या मावशींकडे, एक्झॉस्टची पाती दर पंधरा दिवसांनी गरम पाण्याने. खुर्च्यांचे रबरी बूट दर पहिल्या रविवारी मोजायचे आणि दहा-बारा जादा ड्रॉवरमध्ये ठेवायचे, कारण चाळीस खुर्च्यांतल्या एकीचा जरी निघाला तरी तो रात्री सगळ्या हॉलला ऐकू येतो.